रिळावरची धूळ

लाईट गेलेली होती आणि टेपमधले सेल संपत आले होते. गाणाऱ्याचा आवाज आधी कोवळा, धारदार होता. तो हळूहळू जाड झाला, मग घोगरा झाला, मग विहिरीच्या तळातून यावा तसा खोल गेला आणि शेवटी एका लांबलचक स्वरावर टेकून थांबला. अंगणात बाजेवर पडलेली आज्जी म्हणाली, "दमला बिचारा. किती वेळचा ओरडायलाय."

१९९२ चा मे महिना, गाव आंबाजोगाई. मी पंधरा वर्षांचा होतो. दहावीच्या पुस्तकांना नुकतीच कव्हरं घातली होती आणि त्या आवाजाच्या धन्याचं नाव मला चार दिवसांपूर्वी कळलं होतं.

कॅसेट आणली होती आतेभावानं. तो इथल्याच स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. होस्टेलवर राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. होस्टेलवर लांबलांबची मुलं होती, त्यांच्या बॅगांमधून असल्या कॅसेटी आमच्या गावात येत. या कॅसेटला कव्हर नव्हतं. पांढऱ्या पट्टीवर निळ्या बॉलपेननं एकच शब्द लिहिला होता, क्वीन. मला वाटलं, गाणारी बाई असणार.

"चार पुरुष आहेत रे. बँड आहे," दादा म्हणाला.

बँड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लाल डगले, पितळी कर्णे आणि मोंढ्यातून निघालेली वरात आली. दादानं मान हलवली, बटण दाबलं. आधी नुसते गळे, वाद्य एकही नाही. मग पियानो. मग एकट्याचा गळा, कुणाची तरी समजूत काढल्यासारखा. आणि मध्येच काय झालं कळलं नाही, शेदीडशे माणसं एकदम बोलायला लागली. वरून, खालून, डावीकडून. कुणी विचारतंय, कुणी उत्तर देतंय, कुणी नुसतंच किंचाळतंय. त्यांचा गलका शिगेला पोचला आणि गिटार कडाडली. मला एक ओळ कळली नव्हती. तळहातांना घाम आला होता एवढं आठवतं.

"किती जण गातायत हे?" मी विचारलं.

"तिघं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. दादा चेष्टा करणाऱ्यातला नव्हता.

"आणि तो पहिला गाणारा? सगळ्यात भारी?"

"फ्रेडी मर्क्युरी. तो गेला. मागच्या नोव्हेंबरात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "एड्स." तेव्हा तो शब्द घरात मोठ्यानं उच्चारत नसत. दादानं तो पुस्तकात वाचला होता, मी भिंतीवरच्या पोस्टरवर. २४ नोव्हेंबर १९९१ ला लंडनमध्ये तो माणूस वारला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. आणि आता सहा महिन्यांनी तो आमच्या अंगणात गात होता, आमच्या सेलांच्या ताकदीवर दमत होता.

तिघांचे दीडशे कसे झाले आणि मेलेला माणूस अंगणात कसा आला, हे दोन प्रश्न त्या रात्री माझ्या डोक्यात शिरले. दोन्हींचं उत्तर एकच निघालं, आणि ते तपकिरी रंगाचं होतं.

झालं असं की आठवड्याभरात आवाज भुरकट यायला लागला. दादानं दवाखान्यातून स्पिरिट आणलं, काडीला कापूस गुंडाळून टेपचं हेड पुसलं आणि कापूस माझ्यापुढे धरला. त्यावर विटकरी डाग होता. "हे बघ, गाणं," तो म्हणाला.

माझे वडील, अण्णा, तेव्हा दुकानातून जेवायला आले होते. आमचं मोटारी भरायचं दुकान होतं, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग काढून नवी तार भरायची. त्यांनी डाग बोटांत चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "गंज हाय ह्यो."

अण्णांचा अंदाज बरोबर होता. कॅसेटची रीळ म्हणजे प्लास्टिकची पट्टी, रुंदीला चार मिलिमीटरसुद्धा नाही. तिच्या एका अंगाला लोहाच्या ऑक्साइडची भुकटी चिकटवलेली असते. शेताच्या फाटकावर चढतो त्या गंजाचं हे सख्खं भावंड, फक्त याचे कण चुंबकासारखे वागू शकतात. कण सुईसारखे लांबुळके असतात आणि इतके बारीक की एका मिलिमीटरच्या लांबीत ते हजारावर मावतील. कोऱ्या रिळावर या अगणित सुयांची चुंबकी तोंडं वाटेल तिकडे असतात, बाजार फुटल्यावर माणसं पांगावीत तशी. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाजाची वीज होते, वीज हेडमधल्या तारेच्या वेटोळ्यातून जाते, वेटोळं चुंबक बनतं आणि समोरून सरकणाऱ्या सुयांना ओळीत लावत जातं. आवाज जोरात तर जास्त सुया वळतात, हलका तर कमी. वाजवताना सगळं उलटं घडतं. वळलेल्या सुया वेटोळ्यासमोरून गेल्या की तारेत इवलीशी वीज जागी होते, ती मोठी करून स्पीकरला दिली की माणूस गायला लागतो.

अण्णांनी भंगारातला एक टेप खोलून मला हेड काढून दाखवलं. आत केसासारख्या तारेचं वेटोळं होतं. ते बघून ते इतके खूश झाले की जेवण राहिलं. "तांब्याची तार, लोखंड आन् चुंबक," ते म्हणाले, "पाण्याची मोटार असो का हे, तीनच वस्तू."

मग मी पट्टी घेऊन हिशोब मांडायला बसलो. दादानं आकडा दिला होता, की कॅसेट कुठलीही असो, रीळ सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं सरकते. हा वेग फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पहिली कॅसेट मांडली तेव्हापासून जगभर तोच राहिला. ती बनवणाऱ्या पथकाचा प्रमुख लू ओटेन्स कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा घेऊन हिंडायचा, यंत्र किती मोठं हवं ते ठरवायला. तर, साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे साधारण ८६ मीटर रीळ. आणि आमचं ते गाणं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. गुणाकार केला, जवळपास सतरा मीटर. आज्जीची दोन नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरली आणि वर हातभर सोडलं, की एवढं गाणं. मला ते गाणं पहिल्यांदा *दिसलं* ते तेव्हा.

आणखी खोल गेलं की आणखी नवल. सेकंदाला शंभर कंपनांचा खर्जातला स्वर रिळावर अर्ध्या मिलिमीटरच्या लाटा काढतो. तोच दहा हजार कंपनांचा, झांजेच्या शेवटी उरणारा झणकार असेल तर लाट एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. म्हणजे आवाजाला लांबी असते, आणि ती मोजता येते. सेल संपत आल्यावर आवाज का खोल जातो तेही यात आलं. लाटा तेवढ्याच आहेत, पण रीळ हळू सरकतेय. सेकंदाला कमी लाटा हेडसमोरून जातात, कानाला स्वर उतरलेला ऐकू येतो. ही गोष्ट लक्षात असू द्या. मला ती पुढे भलत्याच ठिकाणी भेटली.

आमच्या गावात लांबच लांब पट्टीवर शब्द साठवण्याची गोष्ट नवी नव्हती. दासोपंतांची पासोडी इथलीच. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं 'पंचीकरण' लिहिलं ते कागदावर नव्हे, अंगावर घ्यायच्या जाड कापडावर. शाळेतून आम्हाला ते सांगितलं जायचं आणि आम्ही माना डोलवायचो. रिळाचा हिशोब केल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की त्या माणसाला मी थोडा ओळखतो. शब्द मावेनात म्हणून त्यानं पट्टी लांबवली होती.

आता तिघांचे दीडशे. त्या गाण्याचा मोठा भाग १९७५ साली वेल्समधल्या रॉकफील्ड नावाच्या, शेतवाडीतल्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. तिथली रीळ आमच्यासारखी बारीक नव्हती. दोन इंच रुंद, आणि तिच्यावर चोवीस वाटा शेजारी शेजारी. शेतातल्या सऱ्यांसारख्या समजा. एकेका सरीत वेगळा आवाज भरता येतो आणि शेवटी सगळ्या सऱ्यांचं पाणी एकत्र सोडता येतं. फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर तिघं माईकभोवती उभे राहून एक ओळ गायचे. टेलरचा गळा वरचा, फ्रेडीचा मधला, मेचा खालचा. तीच ओळ पुन्हा दुसऱ्या सरीत गायची, पुन्हा तिसऱ्या. मग या भरलेल्या सऱ्या मिळून एका-दोन सऱ्यांत उतरवून घ्यायच्या, बाकीच्या मोकळ्या झाल्या की पुन्हा गायला उभं राहायचं. दिवसाला दहा-दहा बारा-बारा तास. असे थरावर थर मिळून १८० च्या घरात गेले असं सांगतात. चौथा गडी जॉन डीकन, तो बास वाजवायचा.

प्रत्येक फेरीला रीळ हेडवर घासून जायची आणि थोडी भुकटी सांडायची. त्या कापसावरच्या डागासारखीच. ब्रायन मे यांनी अनेकदा सांगितलंय की शेवटी शेवटी रीळ उजेडापुढे धरली तर आरपार दिसायला लागली होती. गंज झिजून गेला होता, गाणं निघून जायच्या बेतात होतं. त्यांनी घाईनं दुसऱ्या रिळावर उतरवून घेतलं. या अशा उतरवण्यांना टेपवाले पिढ्या म्हणतात. मूळ रीळ पहिली पिढी, तिच्यावरून उतरवलेली दुसरी. दर पिढीला सूंऽऽ असा आवाज थोडा वाढतो आणि झणकार थोडा मरतो. त्या गाण्यातले काही आवाज आठव्या पिढीचे आहेत. आणि आमची कॅसेट? होस्टेलवरच्या कुणाच्या तरी कॅसेटवरून दुसऱ्यानं, त्याच्यावरून दादानं. मला कॅसेटमधला तो सूंऽऽ आवाज फार आवडायचा. गाणं सुरू होण्याआधी दोन सेकंद नुसता तोच असे, नदीला पाणी येण्याआधी लांबून ऐकू यावं तसा. दहा-अकरा पिढ्या चालत येऊन एवढं सगळं शिल्लक राहिलं होतं, याचंच मला अप्रूप होतं. अजूनही आहे.

दुसऱ्या बाजूला पहिलंच गाणं होतं 'वी विल रॉक यू'. ते लागलं आणि आज्जी उठून बसली. पाय, पाय, टाळी. पाय, पाय, टाळी. "हरिपाठ लागला का रे?" तिनं विचारलं.

मला शहारा आला, कारण मलाही तेच वाटलं होतं. आमच्या मूळ गावी सप्ताहात संध्याकाळी हरिपाठाला माणसं दोन रांगांत समोरासमोर उभी राहतात, टाळ-मृदंगाच्या तालावर पावली खेळतात आणि मंदिरापुढची जमीन हादरते. लहानपणी ती धग पायांतून वर यायची. हे गाणं १९७७ चं, आणि त्यात ते ठोके द्यायला ड्रम नाहीच. नुसते पाय आणि तळहात. त्याआधी इंग्लंडातल्या एका कार्यक्रमात प्रेक्षक कार्यक्रम संपल्यावर स्वतःच गात राहिले होते. ते ऐकून मे यांच्या मनात आलं, की एवढ्या दाटीत उभी असलेली माणसं काय करू शकतील? हलायला जागा नाही. पाय आपटता येतील, टाळी देता येईल, गाता येईल. वारकऱ्यांना जे शेकडो वर्षं माहीत आहे तिथं तो माणूस आपल्या वाटेनं येऊन पोचला होता.

पण स्टुडिओत माणसं होती मूठभर. त्यांना हजारोंचा जमाव हवा होता. उत्तर लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत, जिथं पूर्वी चर्चचं सभागृह होतं, त्यांनी जुन्या फळ्या मांडल्या आणि त्यांवर पाय आपटले. मग मे यांनी गणित लढवलं. जमावाचा आवाज जमावासारखा का वाटतो? ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जवळच्याची टाळी आधी पोचते, ३४ मीटरवरच्याची दशांश सेकंद उशिरा. हजार माणसं म्हणजे हजार उशीर, कुठलेही दोन सारखे नाहीत. तेव्हा एकाच ठोक्याच्या प्रती थोड्या थोड्या उशिरानं जोडायच्या. पण उशीर समान अंतरानं ठेवला तर ते घुमटातल्या प्रतिध्वनीसारखं वाटतं, एकच माणूस पुन्हा पुन्हा. म्हणून त्यांनी ते उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले. चार आणि सहाची घरं मोजत निघालात तर बारावर दोघांची गाठ पडते, चोविसावर पुन्हा पडते. सात आणि अकराची गाठ थेट सत्याहत्तरावर. ठोके एकमेकांना चुकवत पसरतात, आणि कान फसतो, म्हणतो, केवढी गर्दी आहे! पाचवीत पाठ केलेल्या मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३. त्यांच्यातून माणसं तयार होतात, हे मला कुणी तेव्हाच सांगायला हवं होतं.

फ्रेडीच्या गळ्याबद्दल मात्र मला बरीच वर्षं एकच शब्द सुचायचा, गोंधळी. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घालतात. रात्र चढते, संबळ तापतो आणि मुख्य गोंधळी कथेच्या ऐन जागी गळा चिरून स्वर फेकतो. स्वर गोड नसतो, पण अंगावर येतो. फ्रेडी वरच्या पट्टीत तसंच करायचा. २०१६ साली ख्रिस्तियान हर्बस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रेकॉर्डिंगांची तपासणी केली. त्याच्या बोलण्याच्या मुलाखती मोजल्या तर गळा मुळात खर्जाकडचा निघाला. वर गाताना स्वराला कंप द्यायचा तो सेकंदाला सातच्या आसपास, म्हणजे बहुतेक गायकांहून जलद. आणि त्या चिरलेल्या स्वराची नक्कल करणाऱ्या एका गायकाच्या घशात कॅमेरा घालून, सेकंदाला ४,००० चित्रं टिपून त्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या स्वरपट्ट्यांबरोबर त्यांच्या वरच्या घड्याही कंप पावत होत्या. एकाच माणसात दोन तारा. हे वाचल्यावर मला आमचा गोंधळी आठवला, आणि त्याच्या गळ्यात कुणी कधी डोकावलं नाही याची खंत वाटली.

मला सर्वांत मोठा धक्का पुढे कॉलेजात बसला. एका मासिकात फ्रेडीवर लेख होता. त्याचं खरं नाव फरोख बलसारा. पारशी कुटुंब, आडनाव बलसाडवरून पडलेलं. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारमधला. वडील तिथं सरकारी नोकरीत. आणि आठ वर्षांच्या या मुलाला शिकायला पाठवलं होतं ते पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत.

पाचगणीला! आमची नववीची सहल गेली होती पाचगणीला. रात्रभर एसटीनं जाऊन सकाळी आम्ही टेबललँडवर उतरलो होतो, आमच्या बालाघाटापेक्षा हिरवागार डोंगर बघून नुसते पळत सुटलो होतो. त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर, आमच्या आधी तीस-पस्तीस वर्षं, तो मुलगा मोठा झाला. मित्रांनी 'फ्रेडी' नाव ठेवलं ते तिथंच. तो पियानो शिकला तो तिथंच. १९५८ साली, बारा वर्षांचा असताना, पाच मुलांनी मिळून त्या शाळेत बँड काढला, 'द हेक्टिक्स'. त्यात फ्रेडी मुख्य गायक नव्हता. दुसरा मुलगा गायचा, हा मागे पियानोवर. एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा अशी त्याच्या सोबत्यांची आठवण आहे.

आणि ऐकायचा कुठून? त्या काळात आपल्याकडे इंग्रजी गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली आणि सारा देश कोलंबोकडे कान लावून बसला. लघुलहरी वर जातात, वातावरणाच्या माथ्यावरच्या विद्युतभारित थराला धडकून खाली परततात आणि समुद्र, डोंगर ओलांडून भलत्याच गावात उतरतात. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवणारी ही मुलं आणि दहा-अकरा पिढ्यांची सुरसुरती कॅसेट ऐकणारा मी, दोघांनाही ते संगीत झिजून झिजूनच मिळालं होतं. मी त्या लेखाचं पान दुमडून दादाला टपालानं पाठवलं. तो तेव्हा डॉक्टर झाला होता. त्यानं कार्डावर उत्तर दिलं, "आपण ज्याला परका समजलो तो सातारा जिल्ह्यातला निघाला."

१९६३ साली हा मुलगा भारत सोडून झांझिबारला परतला. १९६४ च्या जानेवारीत तिथं क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. त्याच १९६३ सालच्या ऑगस्टात बर्लिनला कॅसेट लोकांपुढे आली. आणि त्याच ऑगस्टात लंडनच्या एका उपनगरात सोळा वर्षांचा ब्रायन मे वडिलांबरोबर गिटार करायला बसला, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते. ही तिन्ही सुतं अजून एकमेकांना भेटायची होती.

त्या गिटारीची गोष्ट मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मानेसाठी लाकूड घेतलं ते शेकोटीवरच्या जुन्या महोगनी फळीचं. तिला किडीची भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक. स्वर लववण्याच्या यंत्रणेला स्प्रिंगा लावल्या त्या जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. तिच्या दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई. पट्ट्यांवर खुणेला आईच्या शिवणाच्या डब्यातली मोत्याची बटणं. तारांखालचे पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, तीही पहिल्यांदा त्यानं स्वतःच गुंडाळली. दोनेक वर्षं काम चाललं. आणि तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत राहिला, क्वीनच्या जवळपास प्रत्येक गाण्यात ती आहे, माझ्या कॅसेटमध्ये कडाडली होती तीसुद्धा.

"बापलेकानं मिळून?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"तारपण हातानं गुंडाळली?"

"हो, अण्णा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मोटारीच्या पत्र्यांत तार भरायला घेतली, आणि मी शेजारी बसून वेढे मोजले. एरवी मी त्या दुकानात बसायला कुरकुर करायचो.

आता राहिली ती भलत्या ठिकाणी भेटलेली गोष्ट. ब्रायन मे बँडमध्ये आला तेव्हा लंडनच्या इंपिरियल कॉलेजात खगोलशास्त्रावर संशोधन करत होता. क्वीन चालायला लागल्यावर ते अर्धवट सुटलं. ते त्यानं पुन्हा हाती घेतलं आणि पीएच.डी. मिळवली ती २००७ साली, साठीत. विषय होता धूळ. सूर्याभोवती, ग्रह फिरतात त्याच पातळीत, बारीक धुळीचं एक चपटं आवरण आहे. धूमकेतूंनी सांडलेली, लघुग्रहांच्या टकरीतून उडालेली. तिच्यावर ऊन पडतं आणि ती अगदी मंद उजळते. मे यांनी टेनेरिफ बेटाच्या डोंगरावरून त्या उजेडाचा वर्णपट घेतला होता. धूळ आपल्याकडे येत असेल तर तिच्या उजेडाच्या लाटा दाटतात, लांब जात असेल तर पसरतात. एसटी हॉर्न देत पुढून गेली की आवाज उतरतो ना, तसं. या फरकावरून त्यांनी धुळीचा वेग काढला.

म्हणजे लाटा तेवढ्याच, पण सेकंदाला कमी पोचतात, म्हणून स्वर उतरतो. हे तर आमच्या अंगणात, संपत आलेल्या सेलांवर घडलेलं होतं.

परवाच्या नवरात्रात मी गावी होतो. पावसानं ताण दिलेला, कापसाला पाणी द्यायचं होतं, आणि थ्री फेज लाईट आमच्या भागात त्या आठवड्यात रात्रीची होती. घटस्थापनेनंतरची दुसरी पहाट. चंद्र नाही. अण्णा आता ऐंशीच्या पुढे, तरी हट्टानं बांधावर येऊन बसले होते. मी दारं धरत होतो. साडेचारच्या सुमारास पूर्वेला क्षितिजावरून एक फिकट, निमुळता उजेड वर चढलेला दिसला, रास रचल्यासारखा. मी बॅटरी विझवली.

"उजाडायलंय," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा. अजून तास-दीड तास आहे. ती धूळ आहे, सूर्याभोवतीची."

ते वळून बघायला लागले. त्यांचे डोळे आता तितके चांगले नाहीत. पण अंधार चांगला होता.

"गिटार केल्ती, त्यानं मोजली ती हीच का?"

"हीच."

खाली सरीत पाणी पुढच्या ताटव्याला भिडल्याचा आवाज आला. मी फावडं उचललं. अण्णा तोंड वर करून तसेच बसून राहिले, आणि मी दार बदलून परत आलो तरी त्यांनी मान खाली केली नव्हती.